पिवळ्या रेघांचा फळा

आमच्या घरात वस्तू हरवत न्हाय. हरवायची सोयच ठेवली न्हाय. सांडशी उचलली की तिच्या मागं भिंतीवर पिवळ्या रंगात काढलेली सांडशी दिसती. झारा काढला की पिवळा झारा. कात्री, हातोडी, छत्री, सगळ्याचं भिंतीवर आपापलं घर. एखादं घर रिकामं दिसलं की समजायचं, कुणीतरी उचललंय अन् परत ठेवलं न्हाय. ते कुणीतरी म्हणजे मीच.

ही करणी आमच्या मालकांची. बब्रुवान नाव. साखर कारखान्याच्या स्टोअरमधी सारी नोकरी काढली अन् रिटायर झाल्यावर ते स्टोअर घरी घेऊन आले. तिथं त्यांचा एकच कायदा होता. जुनं जमा करा, नवं घेऊन जा. बेअरिंग गेलं? गेलेलं बेअरिंग आधी टेबलावर ठेवा. पट्टा तुटला? तुटका पट्टा आणा. ऐन हंगामात मिल बंद पडून बोंब उठलेली असायची, इंजिनेर साहेब स्वतः पळत यायचा, तरी हे खिडकीतनं हात पुढं करून म्हणायचे, "जुनं कुठाय?" लोक माघारी त्यांना 'जमाकाका' म्हणायचे. हे ऐकून न ऐकल्यागत करायचे, पण मनातनं खूश व्हायचे. मला काय कळत न्हाय व्हय?

नोकरीत ते ठीक हो. पण घरात बायकोनं नवा खराटा मागितला की "जुना दाखव" म्हणायचं म्हणजे काय? म्या एकदा वैतागून जुना खराटा त्यांच्या पायापाशी आपटला. हे शांतपणे म्हणले, "जमा झाला," अन् आतनं नवा काढून दिला. असल्या माणसाशी भांडून तरी काय उपयोग? मी भांडते ती गोष्ट निराळी.

तर असं आमचं दोघांचं घर. ढोकीजवळच्या एका गावात, रस्त्यापासनं जरा आत. थोडं रान हाय, एक म्हैस हाय. आमची लेक निकिता पुण्याला एका दवाखान्यात नर्स हाय. जावई युवराज कंपनीत. त्यांच्या पाळ्या, हिच्या पाळ्या. एक जण घरात आला की दुसऱ्यानं चप्पल घालायची. लेकरू वर्षाचं झालं, चालायला लागलं, अन् त्याला सांभाळणारी बाई काम सोडून गेली. निकिता त्याला घेऊन इथं आली. रणधीर नाव, आमी धिरू म्हणतो. निकिता म्हणली, "आई, थोडे दिवस ठेव." म्या म्हणलं, "थोडे कशाला? शाळेत जाईपोत्तर राहू दे की." घर रिकामं होतं हो आमचं. मला लेकरू पाहिजेच होतं.

पहिल्या खेपंला निकिता निघाली तर धिरूनं तिचा गळा सोडला न्हाय. ह्यांनी ओढून घेतला. रिक्षा कोपऱ्याआड होईपोत्तर ते लेकरू किंचाळत राहिलं, अन् ही रिक्षात बसून ओढणीत तोंड घालून रडली. बार्शी येईपोत्तर तिचे फोनावर फोन. मला बघवलं न्हाय. म्हणून पुढच्या खेपंला म्या तिला शिकवलं, "त्याच्या देखत जाऊच नको. खेळण्यात रमव अन् मागच्या दारानं सटक. लेकरू हाय, इसरतंय."

आमच्याकडं सगळे असंच करतेत. 'काऊ बघ, काऊ' म्हणायचं अन् आईनं निघायचं. माझ्या आईनं केलं, म्या केलं. त्यात काय वाईट हाय असं मला कधी वाटलंच न्हाय. इसरतंय म्हणलं म्या.

निकिता रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावायची अन् आधी मला इचारायची, "मला ओळखतो का गं?" मी फोन धिरूपुढं धरायची. हे लेकरू आईचं तोंड बघायचं अन् फोन उलटा करून मागं बघायचं. मागं कुणी न्हाय. परत सरळ करायचं, परत उलटा. मला हसू यायचं. "बघ गं, तुला मागं हुडकतंय!" म्हणायची मी. निकिता पण हसायची, पण तिचं हसू लवकर संपायचं.

तिच्या मनाला खात होतं. म्हणून खेळणी यायची. येताना एक मोठं खोकं हातात, अन् मधल्या दिवसांत कुरियर. रजा जेवढी कमी मिळंल, तेवढं खेळणं मोठं. लाल ट्रॅक्टर ट्रॉलीसकट. रिंगांचा मनोरा. गाणी म्हणणारा खोटा मोबाईल, ज्यानं माझं डोकं उठवलं. डमरू, पिपाणी, चेंडू, ठोकळे. या सगळ्यात धिरूची लाडकी मात्र साधी रबरी गाय होती. दाबली की चूं करायची. ती ह्यांनी येडशीच्या बाजारातनं आणलेली.

घरभर पसारा झाला. चपाती लाटायला बसावं तर पोळपाटाखाली ठोकळा. म्हशीच्या आंबोणात एकदा मनोऱ्याची रिंग निघाली. आमचे हे अंधारात पाणी प्यायला उठले अन् ट्रॅक्टरवर पाय देऊन असे आपटले की चार दिवस शेक घेत बसले. तवा ठरलं की खेळण्यांची काहीतरी सोय लावायची. अन् घरात तीन मतं झाली.

माझं मत डालगं. कोंबड्या झाकायचं जुनं डालगं होतं, ते धुऊन वाळवलं अन् उलटं ठेवून सगळं त्यात लोटलं. दोन मिनिटांत घर साफ. पण धिरूला खालची गाय पाहिजे असली की सगळं डालगं पालथं. दिवसातनं धा वेळा तेच. हे बाजेवरनं बघायचे अन् जीभ टाळ्याला लावून चक् चक् करायचे. "ह्याला स्टोअर म्हणत न्हायत, महानंदा. ह्याला उकिरडा म्हणतेत."

निकिताचं मत पुण्याचं. तिनं रंगीत टपांची घडवंची पाठवली. नळ्या, स्क्रू, चार रंगांचे टप. जोडायला ह्यांना सारी दुपार लागली. दिसायला लई देखणी. एका टपात गाड्या, एकात ठोकळे. पण धिरू त्या टपात बसायचं, वरच्या टपाला धरून चढायचं, अन् एक दिवस सगळी घडवंची त्याच्यासकट कलंडली. नशीब, लागलं न्हाय. ती उचलून म्या स्वयंपाकघरात नेली. आता तिच्यात कांदे, लसूण अन् बटाटे असतेत. त्यांच्यासाठी बरी हाय.

मग ह्यांचं मत. दोन दिवस नुसती मापं घेत फिरले. तिसऱ्या दिवशी प्लायवूडचा एक फळा घासत बसलेले दिसले. सगळ्या कडा पॉलिश पेपरनं गुळगुळीत केल्या. खिळा एक सुद्धा न्हाय, सुताराकडनं बोथट खुंट्या करून आणल्या. सोप्याच्या भिंतीला, अगदी खाली, धिरूच्या हाताला येईल असा तो फळा बसवला. मग एकेक खेळणं फळ्यावर धरायचं, पेन्सिलीनं कडंनं रेघ मारायची, अन् त्या रेघंवर पिवळा ऑइलपेंट. पिवळा डमरू, पिवळी पिपाणी, गायीला छोटी फळी अन् तिच्या मागं पिवळी गाय. ट्रॅक्टर मोठा, तो फळ्यावर मावंना. त्याच्यासाठी खाली शहाबादी फरशीवर रेघा मारून गाडीतळ केला.

अन् खरं सांगते, ते लेकरू आठवड्यात शिकलं. गाय गायीच्या घरात, डमरू डमरूच्या घरात. जरा वाकडं बसलं की स्वतःच काढून परत लावायचं. गल्लीतल्या बाया बघायला यायच्या. मी पदर सावरून सांगायची, "त्याच्या आजोबाचं काम हाय ते." घरात त्यांना कधी चांगलं म्हणत न्हाय, पण बाहेर म्हणते.

त्या फळ्यापाशी हे बाज टाकून बसायचे. कायदा तोच. एक खेळणं घेतलं की दुसरं मिळायचं न्हाय. पहिलं आणून आजोबाच्या हातात द्यायचं, मग दुसऱ्यावर बोट दाखवायचं. धिरू गाय आणून द्यायचा, म्हणायचा, "घे." मग तोच हात पसरून म्हणायचा, "दे." हे मान डोलवून म्हणायचे, "जमा झालं साहेब," अन् ट्रॅक्टर द्यायचे. त्या लेकराचे पहिले शब्द हेच. घे अन् दे. निकिता फोनवर म्हणायची, "धिरू, आई म्हण, आ-ई." हा हात पसरून म्हणायचा, "दे." आमी दोघं पोट धरून हसायचो. हे तर कारखान्यातल्या जुन्या गड्यांना फोन करून सांगायचे की माझ्या जागेवर माणूस तयार झालाय.

निकिता आली की आता सटकायला सोपं पडायचं. नवं खेळणं आलं म्हणजे त्याचं नवं घर काढायचं. हे पेन्सिल घ्यायचे, धिरूच्या मुठीत द्यायचे अन् त्याची मूठ आपल्या हातात धरून खेळण्याच्या कडंनं रेघ फिरवायचे. लेकरू त्यात असं गुंगायचं की बास. तेवढ्यात मी निकिताची पिशवी परसदारी नेऊन ठेवायची. मागच्या गल्लीत टमटम उभी असायची. पिवळा रंग वाळायच्या आत निकिता ढोकीला पोचलेली असायची, अन् तिथनं पुण्याची गाडी. रडणं न्हाय, गळा धरणं न्हाय. मला वाटायचं, लई चांगलं जमवलं आपण.

दोन-तीन खेपा असं झालं. मग नागपंचमीला ती आलती, तवा धिरूनं पेन्सिल धरली न्हाय. ह्यांनी मूठ धरली तर मान वळवून परसदाराकडं बघत राहिला. हे म्हणले, "कंटाळला वाटतं." म्या म्हणलं, "असंल." एवढंच. 

यंदा येळवसंला, मार्गशीर्षातल्या अमावस्येला, निकिता रजा टाकून आली. युवराजला रजा मिळाली न्हाय. येळवस म्हणजे आमच्याकडं घरात कुणी जेवत न्हाय, सगळं गाव रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं केलं, पाच दगडांच्या पांडवांना चुना लावून पूजा केली. भाज्या-कडधान्यांची पातळ भज्जी, बाजरीचे उंडे, मातीच्या बिंदग्यात आंबील. धिरू आधी माझ्या पदराआडनं आईकडं बघत होता. ती नुसती ढेकळं घेऊन एकावर एक ठेवायला लागली. हा हळूच गेला अन् ते ढेकूळ पाडलं. तिनं परत ठेवलं, ह्यानं परत पाडलं. दिवसभर तोच खेळ. तिच्या हातानं भज्जीत बुडवलेला उंडा खाल्ला, आंबील पिऊन मिशा केल्या, अन् ऊन कलल्यावर कोपीत तिच्या मांडीवर झोपला. तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरून.

तवा निकिता मला हळू आवाजात म्हणली, "आई, युवराज म्हणतेत, आता घेऊनच ये. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू लेकरं सांभाळतेत. पाळ्या पण थोड्या बदलून मिळत्याल. पण मला भ्या वाटतंय. त्याला माझी गरज तरी हाय का? तो इथं सुखात हाय. मी माझ्या जिवासाठी त्याला न्यायचं अन् तिथं रडवायचं?"

म्या काय म्हणायला पाहिजे होतं? म्हणायला पाहिजे होतं, बाई, मूठ बघ त्याची. पण म्या म्हणलं, "बघू की. त्याच्या वागण्यावरनं कळंलच." माझ्या मनात होतं की नेऊ नये. लेकरू गेल्यावर त्या घरात मी अन् पिवळ्या सांडशा, दुसरं काय उरतंय?

सांजच्याला घरी आलो. निकितानं पिशवीतनं खोकं काढलं. पिवळाधमक जेसीबी, सोंड वरखाली होणारा. "धिरू, बघ काय आणलं!" त्या लेकरानं खोकं बघितलं अन् दोन्ही हात पाठीमागं नेले. तिनं बटण दाबलं, दिवे लागले, आवाज झाला. तिनं त्याच्या मांडीवर ठेवला, ह्यानं ढकलला. परत ठेवला, तर उचलून फेकला. सोंड निखळली.

माझं डोकं फिरलं. "आईनं एवढ्या हौसेनं आणलं अन् फेकतोस व्हय रं?" म्हणून म्या त्याच्या पाठीत धपाटा घातला. दोन वर्षाचं लेकरू ते. हुंदका सुद्धा आधी आत गेला अन् मग बाहेर आला. निकिता म्हणली, "मारू नको, आई. नको असंल त्याला." तिनं तो जेसीबी उचलला, सोंड बसवली अन् खोक्यात घातला.

मग मी पीठ मळत होते तर माझ्यापाशी येऊन बसली. "शेतात मला वाटलं, माझा झाला. पण माझ्या हातचं काही घेत सुद्धा न्हाय तो. राहू दे इथंच. शाळंपोत्तर राहू दे. युवराजला मी सांगते." तिच्या डोळ्यांतनं पाणी चाललं होतं. मी पीठ मळत राहिले. मला वाईट वाटलं, पण त्याच्या खाली बरं पण वाटलं. देवाशपथ, बरं वाटलं.

सकाळी नेहमीसारखं सगळं ठरलेलं. पिशवी परसदारी. मागच्या गल्लीत टमटम. हे बाजेवर बसले, जेसीबी फरशीवर ठेवला, पेन्सिल कानाला लावली अन् हाक मारली, "या साहेब, नवा माल आलाय. गाडीतळ काढू."

धिरू आला. पेन्सिलीकडं बघितलं न्हाय. जेसीबीकडं बघितलं न्हाय. फळ्यापाशी गेला अन् डमरू काढला. आणून ह्यांच्या हातात दिला. "घे."

"जमा झालं साहेब. काय देऊ?"

धिरूनं काही मागितलं न्हाय. परत गेला अन् पिपाणी आणली. "घे." मग चेंडू. "घे." मग एकेक रिंग, मग तो गाणारा मोबाईल. हे हसायला लागले. "आरं, सगळंच जमा करतोस व्हय? लई मोठं काहीतरी पाहिजे दिसतंय साहेबांना!" मला पण गंमत वाटली. मी दारात उभी राहून बघत होते. निकिता परसदारात चपला घालून उभी, निघायला अवघडलेली. ट्रॅक्टर जड, तो धिरूनं दोन्ही हातांनी ओढत आणला. ठोकळे एका फेरीत मावले न्हाय तर दोन फेऱ्या केल्या. शेवटी गाय राहिली. ती हातात घेऊन जरा थांबला. दाबली, चूं झालं. मग ती पण आणली. "घे." अन् फरशीवरचा नवा जेसीबी उचलून त्या ढिगावर ठेवला.

फळा सगळा रिकामा झाला. नुसत्या पिवळ्या रेघा.

मग त्यानं आजोबापुढं हात पसरला. हे हसतच म्हणले, "बोला. काय पाहिजे?"

त्यानं दुसऱ्या हातानं परसदाराकडं बोट केलं. "आई," म्हणला. "दे."

आई म्हणताना त्याला आमी कुणी ऐकलंच नव्हतं.

ह्यांचं हसू तोंडावरच राहिलं. ते एकदा ढिगाकडं बघायचे, एकदा त्या पसरलेल्या हाताकडं. कानावरची पेन्सिल खाली पडली ती त्यांनी उचलली न्हाय. मला तवा उमगलं. दर खेपंला खेळणं आलं की आई जाती, हे त्या लेकरानं कवाच ओळखलं होतं. आमी त्याच्या हातात खेळणं ठेवत होतो अन् आई काढून घेत होतो. त्याला वाटलं, हाच कायदा. मग सगळी खेळणी परत केली म्हणजे आई परत मिळंल. अन् म्या काल त्यालाच मारलं. नवं खेळणं घेत न्हाय म्हणून मारलं.

"महानंदा," हे म्हणले, "म्या ह्याला हे शिकवलं गं."

"तुमी एकट्यानं न्हाय," म्या म्हणलं. मागच्या दाराची अक्कल कुणाची होती?

निकिता चपलांसकट आत आली. फरशीवर बसली. धिरू तिच्याकडं पळाला न्हाय. आधी आजोबाकडं बघितलं, आई मिळाली का अजून न्हाय, असं इचारल्यागत. हात तसाच पसरलेला. तेव्हा ह्यांनी त्याला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं अन् म्हणले, "जमा झालं, साहेब. सगळं जमा झालं. निकिता, घेऊन जा त्याला. आता माझ्याच्यानं न्हाय म्हणवत न्हाय."

तिनं त्याला असा आवळला की मला वाटलं लेकरू गुदमरतंय. पण त्यानं तिच्यापेक्षा जास्त आवळलं होतं.

टमटम पुढच्या दारी बोलावली. धिरूचे कपडे बांधले, दूध आटवून बाटलीत भरलं, उंडे बांधले. खेळणी निकितानं घेतली न्हाय अन् आमी दिली न्हाय. आमी दोघं ढोकीपोत्तर संगं गेलो. गाडी आली, निकिता खिडकीपाशी बसली. धिरू तिच्या गळ्यात, दोन्ही हात मानेमागं गुंफलेले. मी मुका घेतला तर घेऊ दिला. "जातो म्हण आजीला," निकिता म्हणली. त्यानं मिठी आणखी घट्ट केली.

तवा ह्यांनी कोटाच्या खिशातनं ती रबरी गाय काढली. कवा घेतली होती, मला म्हाईत न्हाय. खिडकीतनं आत हात घातला अन् म्हणले, "ही ने, धिरू. वाटंनं खेळायला."

लेकरानं गाय बघितली. मग आजोबाच्या तोंडाकडं बघितलं. अन् त्यानं आईच्या मानेमागनं हात सोडवले, दोन्ही मुठी घट्ट मिटल्या, पोटाशी धरल्या अन् तोंड तिच्या खांद्यात खुपसलं. त्याला गाय पाहिजे होती. मला दिसत होतं की पाहिजे होती. पण त्यानं घेतली न्हाय.

"आरं, अशीच देतोय," हे म्हणले. "काही द्यायचं न्हाय बदल्यात. अशीच. आजोबाकडनं."

त्यानं तोंड वर केलं न्हाय. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली तरी ह्यांचा हात खिडकीत होता, म्या धरून मागं ओढला.

तो फळा अजून सोप्यात हाय. खेळणी म्या डालग्यात भरून ठेवली. आधीच म्हणत होते डालगं बरं, असं म्हणायचं तोंडावर आलतं, पण म्या गिळलं. हे आता नवा खराटा न मागता आणून देतेत अन् जुना इचारत न्हाय. माझ्याशी भांडत सुद्धा न्हाय, मला ते लई जड जातंय.

निकिताचा फोन रोज येतो. धिरू तिथं रुळलाय, पोटभर जेवतोय, काकूंपाशी राहतोय. ती कामावर जाताना आता त्याच्या देखत जाती, तो रडतो, ती सांगून जाती अन् परत येती. हे फोनपुढं येत न्हायत. बाजेवरनंच, फळ्याकडं बघत, एकच गोष्ट इचारतेत. "हातात खेळणं घेतो का गं?"

"अजून न्हाय, बाबा," निकिता म्हणती.